बेटावरच्या टाइमशेअर रिसॉर्टमध्ये कुटुंबासह राहायचं आहे? गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. घरी कपाशी-तुरीचं वावर आणि मी शाळेत शिक्षिका. बारा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका हॉटेलात आम्ही टाइमशेअरची मेंबरशिप घेतली. पहिली काही वर्षं ती कशी वापरायची हेच कळलं नाही. मग दोनदा थायलंडच्या फुकेट बेटावर राहून आलो. एकदा आम्ही चौघं आणि सासूबाई गेलो, दुसऱ्यांदा दीर-जाऊ आणि त्यांची लेकरंही सोबत होती. तेव्हापासून आर्वी, नेर, वरूड, उमरेड, कुठून कुठून लोक तेच तेच विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बेटाची माहिती फुकेटची आहे. मेंबरशिपचे प्रश्न मात्र तुम्ही कुठेही गेलात तरी साधारण तेच राहतात.

१. टाइमशेअर म्हणजे नक्की काय? पैसे भरले म्हणजे त्या खोलीचे आपण मालक झालो ना?

नाही. एकाच जागेचं वर्ष आठवड्याआठवड्यात वाटून अनेकांना वापरायला देतात, त्याला टाइमशेअर म्हणतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक योजनांत ठरावीक वर्षं राहण्याचा हक्क मिळतो. जमीन मिळत नाही, सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि त्यावर बँक तारण कर्जही देत नाही. मुदत संपली की हक्क संपला. आमच्या घरी दोन वर्षं 'नागपूरच्या साहेबानं प्रॉपर्टी दिली' असंच बोललं जायचं. करारात तो शब्द कुठेच नव्हता.

काही योजनांत तुमचा आठवडा ठरलेला असतो, काहींत हंगाम ठरलेला असतो आणि आठवडा दरवर्षी तुम्ही निवडता, तर काहींत गुण मिळतात आणि ते खर्चून राहायचं असतं. हंगामांना बऱ्याचदा रंगांची नावं असतात: जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सर्वांत गर्दीचा आणि महाग, निळा सर्वांत स्वस्त. तुमचा रंग कोणता ते आधी कागदावर शोधा. पुढची अर्धी उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

२. आमच्या कंपनीची रिसॉर्ट महाबळेश्वर, गोवा, केरळात आहेत. मग फुकेटला कसं राहता येईल?

अदलाबदलीने. आरसीआय ही १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेली आणि इंटरव्हल इंटरनॅशनल ही १९७६ ची, अशा दोन मोठ्या संस्था हेच काम करतात. तुम्ही आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा आणि दुसऱ्या कुणी जमा केलेला आठवडा घ्यायचा. तुमची कंपनी कोणाशी जोडलेली आहे ते कराराच्या सोबतच्या पुस्तिकेत असतं.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. अदलाबदलीची फी वेगळी भरावी लागते. आणि जमा केलेल्या आठवड्याला वजन असतं: पावसाळ्यातला निळा आठवडा देऊन डिसेंबरातलं समुद्रकाठचं घर सहसा मिळत नाही. आठवडा जितका लवकर जमा कराल तितकं ते वजन जास्त. आम्ही पहिल्यांदा शेवटच्या दोन महिन्यांत जमा केला आणि हाती काही लागलं नाही.

३. साध्या हॉटेलपेक्षा इथे वेगळं काय? आम्ही नऊ जण आहोत.

मुख्य फरक स्वयंपाकघराचा. एक किंवा दोन बेडरूमचं घर असतं, बैठकीची खोली, ओटा, फ्रिज, भांडी, बऱ्याच ठिकाणी कपडे धुण्याचं यंत्रही. सासूबाई सकाळी साडेपाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करू शकल्या, म्हणून त्या सात दिवस आनंदात राहिल्या. हॉटेलात आठ वाजता नाश्ता उघडेपर्यंत त्या खोलीत बसून राहिल्या असत्या.

माणसांचा आकडा मात्र पक्का असतो. घरापुढे ६/४ असं लिहिलेलं असेल, तर सहा जण झोपू शकतात आणि त्यातले चौघं नीट खासगीत, उरलेले दोघं बैठकीतल्या सोफ्यावर. 'लेकरू मांडीवर झोपेल' हे इथे चालत नाही, तान्हं बाळ धरायचं की नाही तेही आधी विचारा. नऊ जणांसाठी दोन घरं लागतील. म्हणजे दोन आठवडे, किंवा एक आठवडा आणि एक भाड्याने घेतलेलं घर. आम्ही दुसऱ्या वेळी भाड्याचाच मार्ग धरला.

४. कोणत्या महिन्यात जावं? शेती आणि शाळा दोन्ही सांभाळून.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सर्वांत अवघडही.

फुकेटला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर अखेरपासून एप्रिलपर्यंत पाणी शांत असतं. आता आपल्याकडचं पाहा. विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मे आणि जवळजवळ अख्खा जून. म्हणजे आपण मोकळे होतो नेमके तिथला पाऊस सुरू होतो तेव्हा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेचणी, मग तूर, मग हरभरा. संत्र्यावाल्यांचा आंबिया बहार तोडणीला येतो तोही याच दिवसांत.

आम्हाला जमलेली वेळ दिवाळीनंतरच्या आठवड्याची. सोयाबीन घरी आलेलं किंवा विकलेलं असतं, कपाशीचा पहिला वेचा झालेला असतो, चुकारे हाती येऊ लागतात आणि शाळेला सुट्टी असते. फुकेटचा पाऊस पूर्ण गेलेला नसतो, संध्याकाळी एखादी सर येते. पण त्याच सुमारास, त्यांच्या बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, लॉय क्राथोंग हा सण असतो. बहुधा आपली त्रिपुरी पौर्णिमा त्याच रात्री येते. केळीच्या खोडाची चकती, त्यावर पानांचा द्रोण, फुलं, उदबत्ती, दिवा, आणि ते पाण्यात सोडायचं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि कुणी काही सांगायच्या आत हात जोडले. घरी असताना त्या कार्तिकात नदीत दिवे सोडतात. त्या रात्री त्यांना परदेशात असल्याचं वाटलंच नाही.

मे-जूनमध्येच जाणं शक्य असेल तर जा, पण तरणतलाव आणि घर हाच कार्यक्रम धरून जा. समुद्रात उतरायचा विचार सोडून द्या (प्रश्न १२ वाचाच).

५. बुकिंग किती आधी करायचं?

वर्षभर आधी. या दिवाळीलाच पुढच्या दिवाळीनंतरचा आठवडा मागून ठेवा. फोनवर 'होऊन जाईल' म्हणतात, त्यावर राहू नका. विनंती क्रमांक ईमेलवर घ्या. आणि अदलाबदल पक्की झाल्याचं पत्र आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. आमच्या ओळखीतल्या एकांनी उलट केलं, शेवटी तिकिटाचे पैसे बुडाले.

६. पासपोर्ट, व्हिसा किती कटकटीचं आहे?

ऐकून वाटतं तेवढं नाही. नागपूरला प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, आणि विदर्भात काही ठिकाणी पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र सुरू झालं आहे. अर्ज करताना जवळचं केंद्र यादीत दिसतं. मोठ्यांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, लहान मुलांची १०००. मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो.

खेड्यात खरी अडचण नावांची. आधारवर 'कमलाबाई', टीसीवर 'कमल', रेशनकार्डावर माहेरचं आडनाव. सासूबाईंच्या कागदांवर तीन नावं होती. आधी सगळे कागद एका नावावर आणा, मगच अर्ज भरा. यालाच आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असू द्या.

थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा नियम पाहून घ्या. १ मे २०२५ पासून मात्र प्रत्येकाला, लेकरांनाही, ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

७. गावातून फुकेटपर्यंत जायचं कसं?

नागपूरहून मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरू, आणि तिथून फुकेटचं थेट विमान. मुंबईहून साधारण साडेचार-पाच तास लागतात. पैसे वाचवायचे म्हणून आम्ही पहिल्यांदा मुंबईपर्यंत रेल्वेने गेलो. गाडी उशिरा पोहोचली आणि धावतपळत विमान गाठलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन ते परत करणार नाही. रेल्वे किंवा समृद्धी महामार्गाने जात असाल तर एक रात्र मुंबईत काढा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

उतरल्यावर रिसॉर्ट बेटाच्या कोणत्या टोकाला आहे ते महत्त्वाचं. विमानतळ उत्तरेला आहे. माय खाओ किनारा त्याला लागूनच, सुमारे ११ किलोमीटर लांब आणि शांत. पटोंग तासाभराच्या अंतरावर, दाट वस्तीचं, रात्री उशिरापर्यंत जागं. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर माझं मत उत्तरेच्या बाजूने आहे.

८. राहणं फुकट असतं ना? मग खर्च कशाचा?

राहणं फुकट नसतं, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. शिवाय वर्षाची देखभाल फी, तुम्ही गेलात किंवा नाही गेलात तरी. त्यावर अदलाबदलीची फी, विमान, विमा, रिसॉर्टवर क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाणारी अनामत, आणि काही ठिकाणी विजेचा वेगळा आकार. कार्ड नसेल तर रोख अनामत घेतात का हे आधी ईमेलने विचारा. गावाकडे अनेकांकडे क्रेडिट कार्ड नसतं आणि ते तिथल्या काउंटरवर कळतं.

हिशेब असा करून पाहा: मेंबरशिपची किंमत भागिले वर्षं, अधिक त्या वर्षाची फी. तो आकडा भाड्याने मिळणाऱ्या घराच्या सात रात्रींपेक्षा जास्त येत असेल, तर नवी मेंबरशिप घेऊ नका. ज्यांनी घेतली आहे त्यांनी मात्र एकही आठवडा वाया जाऊ देऊ नये.

९. आमच्या घरी माळकरी आहेत, कांदा-लसूणही चालत नाही. उपाशी राहावं लागेल का?

नाही. पण साध्या 'व्हेज' शब्दावर विसंबू नका. थाई स्वयंपाकात नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी मिठासारखं वापरतात, कालवांचा सॉसही. भाजी परतलेली दिसते, मांस दिसत नाही, तरी त्यात ते असतं. म्हणून 'माय साय नाम प्ला' म्हणजे नाम प्ला घालू नका, आणि 'माय साय खाय' म्हणजे अंडं घालू नका, ही दोन वाक्यं पाठ करा. आमच्या धाकट्याने विमानातच पाठ केली होती. हॉटेलात ऑर्डर तोच द्यायचा.

त्याहून कामाचा शब्द आहे 'जे'. चिनी परंपरेतला हा व्रताचा आहार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' अन्न. 'किन जे' म्हणजे मी 'जे' आहार खातो. फुकेटमध्ये दरवर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस याचा मोठा उत्सव असतो, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास. त्या दिवसांत गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. एक सूचना: त्या उत्सवाच्या मिरवणुकांत काही भक्त गालांतून शस्त्रं आरपार घालतात. लहान मुलं घाबरू शकतात.

'जे'मध्ये दूध नसतं, आपल्या माळकऱ्यांना दूध-दही चालतं. ते कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

१०. घरून काय न्यावं? ओट्यावर फोडणी देता येते का?

देता येते, पण आधी खिडकी उघडा आणि धूर खेचणारा पंखा लावा. छतावर धुराची घंटा असते. पहिल्याच संध्याकाळी मी लाल मिरचीचा ठेचा परतायला घेतला, घंटा वाजली आणि दोन कर्मचारी धावत दारात आले. त्यांनाही ठसका लागला. त्यानंतर ठेचा घरूनच करून न्यायचा असं ठरलं.

शेगडी बहुधा विजेची किंवा इंडक्शनची असते, आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमची कढई चालत नाही. कुकर चेक-इन सामानात टाका. आम्ही बेसन, ज्वारीचं पीठ, भाजणी, तिखट, हळद, पापड, लोणचं आणि चहापत्ती नेतो. लोणचं हातातल्या सामानात अडवतात, तेही चेक-इनमध्येच. अख्खं सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नाकारतात, किसून भाजलेलं न्या. खसखस नेऊ नका. सिंगापूर आणि दुबईत तिच्यावर बंदी आहे आणि तुमचं विमान तिथे बदलत असू शकतं. ताजी फळं, भाजी, बियाणं, रोपं अजिबात नकोत. सोबत संत्र्यांची पेटी न्यावीशी वाटेल, पण ती विमानतळावरच टाकून द्यावी लागेल.

तिथे गोल हिरवी वांगी, कोथिंबीर, लिंबं, नारळ, पालेभाज्या, तांदूळ सगळं मिळतं. त्यांचा तांदूळ मऊ आणि सुवासिक होतो, वरणाबरोबर छान लागतो. नळाचं पाणी पिऊ नका. आपले दोन गोल पिनांचे चार्जर बहुतेक ठिकाणी बसतात, मोठा तीन पिनांचा प्लग बसत नाही.

११. सासूबाई लुगडं नेसतात. त्यांना पाण्यात उतरू देतात का?

समुद्रात हो. तरणतलावात बहुतेक ठिकाणी पोहण्याच्या कापडाचेच कपडे लागतात, कारण सुती धागे गाळणीत अडकतात. पूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे पोशाख मिळतात, जाऊबाईंनी तोच घेतला. सासूबाईंनी लुगडं नेसून लाटांत पाय बुडवले, रोज संध्याकाळी तासभर. कुणी वळूनही पाहिलं नाही. म्हातारी माणसं तिकडे काय करतील, असं म्हणून त्यांना घरी ठेवणारे बरेच आहेत. कृपा करून तसं करू नका.

१२. आमची पोरं विहिरीत पोहतात. मग समुद्राची भीती कशाला?

म्हणूनच जास्त भीती आहे. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, काठ हाताशी असतो. समुद्रात, विशेषतः मे ते ऑक्टोबर, किनाऱ्याला आपटलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत जातं. वरून तो पट्टा उलट शांत दिसतो, लाटा कमी दिसतात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

माझा पुतण्या चौदा वर्षांचा, गावच्या विहिरीत वरून उडी मारणारा. तो असाच उतरला. कमरेएवढ्या पाण्यात होता आणि मी पाहता पाहता तो आत सरकायला लागला. तो किनाऱ्याकडे जीव खाऊन हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. जीवरक्षकाने शिटी मारून हाताने आडवं पोहायला खुणावलं. तो किनाऱ्याला समांतर पोहला, ओढीतून सुटला, आणि दीडशे-दोनशे पावलं पुढे बाहेर आला. दिराने त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, आडवं पोहा. दमलात तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करा. हे घरी, निघण्याआधी, लेकरांकडून तीनदा वदवून घ्या.

लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय नाही, घोट्यापर्यंतही नाही. झेंडा किंवा जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर लेकरांना उतरवू नका. किनाऱ्यावर काही ठिकाणी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या असतात, त्या जेलीफिशच्या डंखासाठी: जागा चोळायची नाही, व्हिनेगर ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. रस्त्यांवर निळ्या पाट्यांवर लाट आणि पळणारा माणूस दिसतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हा किनारा उद्ध्वस्त झाला होता, तेव्हापासून उंचावर जायच्या वाटा खुणावलेल्या आहेत. पहिल्या दिवशी एकदा ती वाट चालून पाहा.

१३. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश असतं. तिथलं ऊन आपल्याला काय लागणार?

लागतं. तिथे पारा ३२-३४ च्या आसपास असतो, पण हवा ओली. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग थंड होतं, तिथे तो वाळत नाही. दिरांनी पहिल्या दुपारी डोक्याला दुपट्टाही न बांधता फिरून घेतलं आणि रात्री चक्कर आली. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत ठेवा आणि अकरा ते तीन घरात राहा, आपण चैत्र-वैशाखात राहतो तसं.

१४. बीपी-शुगरच्या गोळ्या, आजारपण, दवाखाना?

गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या सामानात ठेवा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्या थायलंडमध्ये नियंत्रित आहेत. त्या चालू असतील तर जाण्याआधी परवानगीचं पाहा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. प्रवास विमा घ्या आणि त्यात आधीचे आजार धरलेत का ते विचारा. साठीच्या वरच्यांसाठी तोच मुद्दा खरा असतो.

१५. सात दिवस लेकरं करतील काय?

पाणी, वाळू, आणि काही नाही. निदान आमची तरी कंटाळली नाहीत. बहुतेक रिसॉर्टमध्ये मुलांसाठी खेळखोली आणि उथळ तलाव असतो. फांगन्गा उपसागरातले पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर एक दिवस नक्की दाखवा, लाकडी लांब होडीतून. माय खाओ किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री टॉर्च मारत हिंडू नका, माद्या परत फिरतात. हत्तीवर बसण्याऐवजी, हत्ती नुसते पाहता येतात अशा ठिकाणी न्या.

देवळात जाताना खांदे-गुडघे झाकलेले आणि चपला बाहेर, हे आपल्याला सांगावं लागत नाही. एक मात्र सांगते: लाडाने तिथल्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवू नका, डोकं त्यांच्यात पवित्र मानतात. आणि राजाविषयी काहीही वाईट बोलू नका, त्याचा तिथे गुन्हा होतो.

१६. स्कूटर भाड्याने घेऊ का? गावात रोजच चालवतो.

घेऊ नका. चालवायची तर आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हवा, तोही दुचाकीचा. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पैसे नाकारते. टॅक्सी महाग आहे, पण ॲपवर भाडं आधी दिसतं.

१७. खर्रा नेला तर चालतो का?

घरीच ठेवा. सुगंधित तंबाखू-सुपारीवर आपल्या राज्यातच बंदी आहे. तिथे रस्त्यावर थुंकलं तर दंड आहे, किनाऱ्यांवर विडी-सिगारेटलाही मनाई आहे, आणि ई-सिगारेट तर सरळ गुन्हा. ज्यांना खर्रा सुटत नाही त्यांनी जाण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोलून तयारी करावी. आमच्या घरातल्या एकाचा तो तिथेच सुटला, त्याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे.

१८. रिसॉर्टवर 'नव्वद मिनिटं बसा, भेट मिळेल' म्हणतात. बसावं का?

ती विक्रीची बैठक असते. नव्वद मिनिटांचे तीन तास होतात, लेकरं ताटकळतात आणि 'आजच सही केली तरच हा भाव' असं सांगतात. नको म्हणा, तुमच्या राहण्यावर काही परिणाम होत नाही. आम्ही मुळात नागपूरला अशाच बैठकीत सही केली होती. समोर थंड सरबत होतं, मुलगी झोपेला आली होती, आणि कराराचं एक पानही आम्ही वाचलं नव्हतं.

बसलातच तर एकच नियम पाळा: सही त्या दिवशी नाही. करार घरी आणा, शिकलेल्या माणसाला दाखवा. युरोपीय संघात असा करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून रद्द करण्याची मुदत करारात किती दिवस लिहिली आहे तेच पाहावं लागतं.

१९. यंदा आम्हाला जमत नाही. भाच्याला पाठवता येईल?

बहुतेक योजनांत येतं. त्यासाठी पाहुण्याच्या नावाचं पत्र लागतं, त्याची फी असते, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच द्यावं लागतं. आठवडा भाड्याने विकायला मात्र अनेक करारांत मनाई आहे. लेकरं आई-वडिलांशिवाय काका-मामांबरोबर जात असतील तर दोघांचं संमतीपत्र इंग्रजीत करून सोबत द्या.

२०. दोन वर्षं नापिकी, वर्षाची फी थकली. मेंबरशिप गेली का?

लगेच जात नाही, पण थकबाकी असेपर्यंत बुकिंग मिळत नाही आणि व्याज चढतं. गप्प बसू नका. लेखी कळवा, हप्ते मागा, व्याज माफीची विनंती करा. आम्हाला एका वर्षी व्याज सोडलं, ते केवळ ईमेल केल्यामुळे. न वापरलेले आठवडे पुढे किती वर्षं साठवता येतात ते त्याच वेळी विचारून घ्या.

२१. फोन येतो: 'तुमची मेंबरशिप पाच लाखांना विकून देतो, आधी फी भरा.' खरं असतं का?

आधी पैसे मागणारा फोन खरा धरू नका. जुन्या मेंबरशिपला बाजारात फारच कमी किंमत येते, मग पाच लाख देणारा गिऱ्हाईक कुठला? त्यांच्याकडे तुमचं नाव आणि सभासद क्रमांक असतो, म्हणून विश्वास बसतो. ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. हस्तांतर करायचंच असेल तर कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारा.

२२. कंपनीने सांगितलं एक, दिलं दुसरं. तक्रारीसाठी मुंबई-चेन्नईला जावं लागेल?

नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वर्ध्याच्या माणसाने वर्ध्यात, यवतमाळच्याने यवतमाळात. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याच तक्रारी तिथेच मार्गी लागतात.

पुरावा मात्र तुम्हालाच ठेवावा लागतो. तोंडी आश्वासनांचं कुणी काही मानत नाही, म्हणून प्रश्न ५ मध्ये ईमेलचा आग्रह धरला आहे.

२३. मेंबरशिप वडिलांच्या नावावर होती, ते वारले. पुढच्या महिन्याचं बुकिंग आहे. जाता येईल का?

येऊ शकतं, पण दोन वेगळी कामं आहेत. आधी बुकिंग: मृत्यू प्रमाणपत्र जोडून आजच ईमेल करा आणि तेच बुकिंग पाहुण्याच्या पत्रावर (प्रश्न १९) किंवा आईच्या नावावर करून मागा. नावाचा बदल लेखी आल्याशिवाय निघू नका. काउंटरवर मूळ नावाचा माणूस नसेल तर खोली नाकारू शकतात.

मग मेंबरशिप. नामनिर्देशन केलेलं असेल तर तो अर्ज, नसेल तर वारसांचं प्रमाणपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. भावाभावांत एकमत नसेल तर घाई करू नका, पण हेही लक्षात घ्या की मेंबरशिपसोबत दरवर्षीची फीही वारशात येते. वापरायची नसेल तर ती परत करता येते का हे आधी विचारा आणि मगच नावावर करून घ्या. सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही हाच क्रम पाळला. नामनिर्देशनाचा फॉर्म एका पानाचा असतो. तुमचा भरलेला नसेल तर याच आठवड्यात भरून टाका.